सत्कार दहावीचा, पण काम आठवीत

मे-जून आला की आपल्या वस्त्यांमध्ये नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. दहावीत नव्वद टक्के, ब्याण्णव टक्के. मुलांचे छोटे फोटो आणि त्यांच्यापेक्षा मोठे फोटो शुभेच्छुकांचे. मग जमातीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या मैदानात गुणगौरव समारंभ होतो. ट्रॉफी, शाल, गुलाबाचं फूल, एखादी बॅग, तालीमचं महत्त्व सांगणारी चार-पाच भाषणं आणि शेवटी जेवण.

यात वाईट काही नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावी पास झालंय, त्या घरातल्या अम्मीला स्टेजवर बोलावून मुलीसोबत उभं केलं जातं, तेव्हा समोर बसलेल्या दहा आयांच्या मनात काहीतरी हलतं. हे मी पाहिलं आहे आणि त्याची किंमत मला कळते. पण सत्कार होतो तोपर्यंत शाळेचं काम संपलेलं असतं. ज्या मुलांना आपली खरी गरज होती ती त्या हॉलमध्ये नसतात. त्यातली काही नववीत शाळा सोडून गॅरेजवर, बेकरीत, मागावर लागलेली असतात. काहींचे पैसे कुठल्यातरी फॉर्मवर अडकलेले असतात. काहींना अशा परीक्षा, अशा स्पर्धा असतात हेच कधी कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून या संपादकीयात एकच गोष्ट मांडायची आहे. माध्यमिक शाळेचं यश दहावीच्या निकालात दिसतं, पण ते ठरतं आठवी-नववीत. आपला समाज मात्र शाळेत पोहोचतो तो निकाल लागल्यावर. हे उलटं करायला हवं.

आधी आकडे पाहू. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितलं होतं की ६ ते १४ वयाची साधारण एक चतुर्थांश मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळली. त्यानंतर परिस्थिती सुधारली, प्राथमिक शाळेत आपली मुलं आज दिसतात. पण पुढे काय होतं? २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत मुस्लिमांचा वाटा १४.२ टक्के आहे. केंद्र सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे २०२०-२१ मध्ये कॉलेजात शिकणाऱ्यांमध्ये आपला वाटा होता फक्त ४.६ टक्के. आदल्या वर्षी २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते, ते त्या वर्षी सुमारे १९ लाखांवर आले. पहिलीचा वर्ग आणि कॉलेजचा वर्ग यांच्या मधल्या वाटेवर मुलं कुठेतरी गळतात. त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे माध्यमिक शाळा.

त्यात २०२२ साल आलं. नोव्हेंबरमध्ये केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली आणि फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. डिसेंबरमध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचं संसदेत सांगण्यात आलं. याविरुद्ध बोललं पाहिजे, लिहिलं पाहिजे, आणि आपण ते करतोच. पण जे दरवाजे अजून उघडे आहेत त्यांतून आपली किती मुलं आत जातात, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

यातला एक दरवाजा आहे एनएमएमएस. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची ही राष्ट्रीय शिष्यवृत्ती २००८ पासून सुरू आहे. धर्माची अट नाही, जातीची नाही. सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत आठवीत शिकणारं मूल, सातवीत किमान ५५ टक्के, आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत, एवढ्या अटी. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. चार वर्षांचे ४८,०००. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या असतात आणि त्यांतल्या ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला येतात.

महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, साधारण डिसेंबरमध्ये. मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांतून देता येते. दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. पहिला बौद्धिक क्षमतेचा: संख्यामालिका, वर्गीकरण, सांकेतिक भाषा, आकृत्या. दुसरा शालेय क्षमतेचा: विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. दुसऱ्या पेपरचा अभ्यास सातवी-आठवीच्या पुस्तकातूनच होतो. अडतं ते पहिल्या पेपरवर, कारण तो शाळेत कुठल्याच तासाला शिकवला जात नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि गेली काही वर्षं शनिवारी सकाळी एका अनुदानित शाळेत आठवीच्या मुलांना हा पहिला पेपर शिकवतो. सुरुवातीला मुलं एका प्रश्नावर सहा-सात मिनिटं घालवतात. हुशारीचा प्रश्न नसतो. प्रत्येक प्रश्नाला एकच मिनिट आहे आणि अडलं की पुढे जायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. गोल काळे करायची उत्तरपत्रिका त्यांनी हातात धरलेली नसते. पंधरा-वीस शनिवारांत हीच मुलं बदलतात. शेवटच्या बाकावर बसणारा, सरांच्या लेखी 'मस्तीखोर' असलेला मुलगा आकृत्यांचे प्रश्न सगळ्यांआधी सोडवतो, आणि वर्ग त्याच्याकडे वळून बघतो. मार्कशीटमध्ये हे कुठेच येत नाही, पण नववीत तो मुलगा शाळेत राहणार की नाही हे अशा गोष्टींवर ठरतं.

परीक्षा पास होणं हा मात्र अर्धाच भाग आहे. या परीक्षेचा अर्ज मूल स्वतः भरत नाही, तो शाळेच्या लॉगिनमधून भरावा लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास मुदत असते. मुख्याध्यापकांच्या लक्षात राहिलं नाही, लिपिक रजेवर असला, किंवा 'आपल्या मुलांना कुठे जमणार' असं कुणीतरी ठरवून टाकलं, तर त्या वर्षीच्या सगळ्या वर्गाची संधी संपली. आठवीचं वर्ष एकदाच येतं.

निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करायची, शाळेने ती तपासून पुढे पाठवायची, मग जिल्हा पातळीवर तपासणी. दरवर्षी नूतनीकरण. दहावीला किमान ६० टक्के. आणि अकरावीचा प्रवेशही सरकारी किंवा अनुदानित ठिकाणीच घ्यायचा. विनाअनुदानित कॉलेजात गेलं की शिष्यवृत्ती थांबते. हे बहुतेक घरांना अकरावीचा प्रवेश झाल्यावर कळतं.

यात आपल्या मुलांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे नाव. माझ्या कामात ज्याला दोन नोंदींची जुळणी म्हणतात, तीच इथे आडवी येते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'मोहम्मद', आधारवर 'मो.', बँकेच्या पासबुकात 'मुहम्मद'. एका कागदावर 'शेख' आधी, दुसऱ्यावर शेवटी. इंग्रजीत 'शेख'ची स्पेलिंग तर चार प्रकारची. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. माणसाला कळतं की हा एकच मुलगा आहे. कॉम्प्युटरला कळत नाही. तो फक्त 'जुळत नाही' एवढं सांगतो आणि अर्ज परत येतो. पैसे न मिळण्यामागे कधीकधी कुणाचाच द्वेष नसतो, फक्त एक अक्षर असतं. पण ते अक्षर दुरुस्त करायला अब्बांना दोन दिवसांची मजुरी बुडवून चकरा माराव्या लागतात, आणि दुसऱ्या चकरेनंतर ते नाद सोडतात.

यावर उपाय सोपा आहे. आठवीच्या वर्गाची यादी जुलैमध्ये घ्यायची आणि प्रत्येक मुलाचं नाव रजिस्टर, आधार आणि बँक खातं या तिन्ही ठिकाणी एकाच स्पेलिंगमध्ये आहे का ते तपासायचं. साठ मुलांच्या वर्गाला दोन शनिवार पुरतात. शाळेच्या नोंदीतली चूक मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्त होऊ शकते, नंतर तेच काम फार अवघड होतं. जातीच्या नोंदीचंही तसंच. आपल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात, पण रजिस्टरमध्ये नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, आणि दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधायची वेळ आली की घरात कुणाकडेच कागद नसतो. हा शोध बारावीनंतर प्रवेशाच्या गर्दीत सुरू करण्यापेक्षा आठवीत सुरू झालेला बरा.

एनएमएमएसवर इतकं लिहिलं कारण त्यात पैशाचा हिशेब सरळ दिसतो. पण शाळेतल्या बाकीच्या उपक्रमांचंही असंच आहे. इन्स्पायर-मानक घ्या. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना. शाळेने मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, आणि निवडलेल्या कल्पनेसाठी प्रतिकृती बनवायला मुलाला १०,००० रुपये मिळतात. कल्पना मुलाची स्वतःची, रोजच्या जगण्यातली असावी एवढीच अपेक्षा. भिवंडी-मालेगावच्या मुलांनी मागाचा खडखडाट ऐकलाय, कोकणातल्या मुलांनी मासळी वाळवताना आलेला अवकाळी पाऊस पाहिलाय, ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या मुलांनी आईच्या डोक्यावरची मोळी उचलून पाहिली आहे. त्यांच्याकडे कल्पनांचा तुटवडा नाही. त्या कागदावर उतरवून वेळेत पाठवणारं कुणीतरी लागतं.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून शाळांना मिळतात, पाच वर्षांत २० लाखांपर्यंत अनुदान असतं. ज्या शाळांना लॅब मिळाली त्यांतल्या काही ठिकाणी थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकचं आच्छादन असतं आणि कुलपाची चावी कपाटात. वस्तू खराब होईल ही भीती. मुलांनी हात लावला तर एखादी वस्तू बिघडेलही, पण ती त्यासाठीच आणलेली असते. अशा शाळेत आठवड्यातून एकदा जाऊन बसणारा एक डिप्लोमावाला तरुण ते कुलूप उघडवू शकतो.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा कला संचालनालय घेतं. इंटरमिजिएटला मिळालेल्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात: 'अ' श्रेणीला ७, 'ब'ला ५, 'क'ला ३. आपल्या काही घरांत आणि काही संस्थांत चित्रकला म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. माणसाचं चित्र काढावं का, यावर मतं असतील, पण त्या परीक्षेत वस्तुचित्र आहे, संकल्पचित्र आहे, भूमिती आणि अक्षरलेखन आहे. ज्या परंपरेने जाळीदार खिडक्यांमध्ये वर्तुळं आणि तारे कोरले आणि अक्षरांना कलेचा दर्जा दिला, त्या परंपरेतल्या मुलांना कंपास आणि ब्रश हातात घ्यायला कुणी कशासाठी अडवावं? शालेय क्रीडा स्पर्धांचंही तसंच. ठरावीक पातळी गाठली की वाढीव गुण आहेत, पण प्रस्ताव शाळेनेच मंडळाकडे पाठवायचा असतो. मुलींचा कबड्डीचा संघ तालुक्याला पाठवायचा की नाही, हा निर्णय बऱ्याचदा चार पुरुष एका खोलीत बसून घेतात. त्या खोलीत त्या मुलींच्या आयाही बसायला हव्यात.

आता आक्षेप. पहिला, 'महिन्याला हजार रुपयांनी काय होतं?' सुखवस्तू घराला काहीच होत नाही. पण ज्या घरात मुलाला कामाला लावायचा विचार चालू आहे, तिथे महिन्याला हजार रुपये आणि 'सरकारने याला निवडलंय' हा कागद, या दोन गोष्टी मिळून वडिलांचा निर्णय बदलू शकतात. मुलीच्या बाबतीत तर जास्तच. तिच्या नावाचं खातं आणि त्यात तिने मिळवलेले पैसे असले की 'दहावी झाली, बस झालं' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला अम्मीच्या हातात काहीतरी असतं.

दुसरा, 'हे सगळं सरकारचं काम आहे.' खरं आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, असलेल्या शिक्षकांना निवडणूक आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपलं जातं. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण आपण जाब विचारत असताना आठवीचा वर्ग थांबून राहत नाही, तो नववीत जातो. दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतील.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. 'आपल्या संस्थांवर आपणच टीका करायची का?' संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क जपायलाच हवा. पण चालवणं म्हणजे फक्त नेमणुका, ट्रस्टच्या निवडणुका आणि कोर्टातल्या तारखा नव्हेत. ज्यांच्या नावाने हा हक्क मिळाला, त्या मुलांना हिशेब देणं हाही चालवण्याचाच भाग आहे. आणि आपली सगळी मुलं काही आपल्याच संस्थांत नाहीत. जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या, रयतच्या शाळांत मराठी माध्यमात हजारो शेख, पठाण, तांबोळी, मुलाणी, आतार शिकतात. तिथेही गेलं पाहिजे, आणि तिथे गेल्यावर फक्त आपली मुलं वेगळी काढून शिकवता येत नाहीत, काढूही नयेत. शनिवारचा वर्ग सगळ्यांचा असावा. एनएमएमएस गरिबीकडे पाहते, आपणही तसंच पाहावं.

मग शाळेकडे मागायचं काय? एक पान. वार्षिक अहवालात पाहुण्यांची नावं आणि स्नेहसंमेलनाचे फोटो असतातच, त्यांच्यासोबत एक पान आकड्यांचं. आठवीत एनएमएमएससाठी पात्र मुलं किती होती? अर्ज किती भरले? परीक्षेला किती बसली? निवड किती झाली? नववीत खात्यात प्रत्यक्ष पैसे किती जणांना मिळाले? इन्स्पायरला किती कल्पना पाठवल्या, चित्रकलेच्या आणि खेळाच्या वाढीव गुणांचे किती प्रस्ताव गेले? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आठवीत असलेल्या मुला-मुलींपैकी किती जण दहावीला बसले आणि किती अकरावीत गेले? शिक्षणात आपण 'गळती' म्हणतो. पाण्याची गळती कुठे आहे ते पाइप तपासल्याशिवाय कळत नाही. या पानावरच्या कुठल्या दोन आकड्यांमध्ये मोठी तफावत आहे ते पाहिलं की काम कुठे करायचं ते कळतं. हे पान तयार करायला पैसे लागत नाहीत. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या बैठकीत ही मागणी नम्रपणे आणि लेखी ठेवता येते.

हे पान आलं की शाळेच्या यशाची व्याख्याही बदलेल. पहिल्या तिघांची टक्केवारी एका शाळेत वाढते आणि त्याच वर्षी तिच्याच नववीतली वीस मुलं कमी होतात, तर ती शाळा पुढे गेली असं म्हणता येणार नाही. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख रिक्षाचालकाचा मुलगा असून २०१५ च्या यूपीएससीत २१ व्या वर्षी यशस्वी झाले, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. दरवर्षी तो फोटो फिरतो, फिरावा. पण एखादा अन्सार सगळ्या अडचणींवर मात करून वर आला, यातून त्या अडचणी कमी होत नाहीत. त्या कमी करणं हे आपलं काम आहे.

आपण सावित्रीबाईंसोबत फातिमा शेख यांचं नाव अभिमानाने घेतो. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या, तेव्हा जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाला किती त्रास पडत असेल याची काळजी केली आहे, आणि ती कुरकुर करणार नाही असा विश्वासही. फातिमांबद्दलच्या त्या काळातल्या मोजक्या नोंदींपैकी ही एक. तिच्यात ना सत्कार आहे ना भाषण. दिसतं ते एवढंच, की मैत्रीण आजारी असताना शाळेचं रोजचं ओझं कुणीतरी उचलत होतं.

या अंकाचे बहुतेक वाचक विशी-तिशीतले आहेत. कुणी इंजिनिअर, कुणी बी.एड. करतंय, कुणी बँकेत, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. शाळेला लागेल असं काहीतरी तुमच्यातल्या प्रत्येकाकडे आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला बुद्धिमत्ता चाचणी येते. बँकेतल्या मुलीला खातं आणि आधार जोडणं येतं. सायबर कॅफे चालवणाऱ्याला पोर्टलची खोड माहीत आहे. तिघांनी मिळून एक शाळा घ्या, शक्यतो स्वतःची. जुलैमध्ये मुख्याध्यापकांना भेटा, सत्काराचं आमंत्रण द्यायला नव्हे, शनिवारचे दोन तास मागायला. ऑगस्टपर्यंत नावं तपासा, उत्पन्नाचे दाखले काढायला लावा. अर्ज सुरू झाले की लिपिकांच्या शेजारी बसा. नोव्हेंबरमध्ये दोन सराव परीक्षा घ्या, खऱ्या उत्तरपत्रिकेवर, घड्याळ लावून. निकालानंतर निवड झालेल्या प्रत्येक मुलाच्या खात्यात पहिला हप्ता येईपर्यंत मागे लागा. निवड न झालेल्यांची यादीही जपून ठेवा, नववीत त्यांच्याकडेच जास्त लक्ष द्यावं लागेल.

या वर्षीच्या गुणगौरव समारंभाचं आमंत्रण आलं तर जरूर जा, टाळ्या वाजवा. कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन फक्त एवढं विचारा: सर, आपल्या आठवीत यंदा मुलं किती आहेत?